प्रत्येक फेरीचे ऑडिट: रुग्णवाहिका सेवा आणि संगणक

रुग्णवाहिकेच्या प्रत्येक फेरीची एक नोंद मागे राहते. रुग्णाचे वय, तक्रार, नाडी, रक्तदाब, दिलेले औषध, गाठलेले रुग्णालय आणि या सगळ्यांच्या वेळा तिच्यात असतात. रुग्णाला जे मिळायला हवे होते ते मिळाले का, वेळेत मिळाले का आणि मिळाले नसेल तर कशामुळे, हे या नोंदीवरून तपासण्याच्या कामाला आपत्कालीन सेवांत क्लिनिकल ऑडिट म्हणतात. पूर्वी हे काम पूर्णपणे हाताने होई. आता अनेक देशांत त्याचा मोठा भाग सॉफ्टवेअर करते आणि त्यामुळे निवडक फेऱ्यांऐवजी सगळ्याच फेऱ्या तपासता येऊ लागल्या आहेत.

रुग्णालयाच्या वॉर्डात एखादी गोष्ट राहून गेली तर ती लक्षात यायला बऱ्याच जागा असतात. पुढच्या पाळीची परिचारिका येते, वरिष्ठ डॉक्टरांचा राउंड होतो, तपासण्यांचे अहवाल हातात येतात. रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात बहुधा एकच डॉक्टर किंवा तंत्रज्ञ असतो, गाडी धावत असते आणि रुग्ण रुग्णालयाच्या ताब्यात दिला की त्या अर्ध्या-पाऊण तासाचा पुरावा म्हणून नोंद तेवढी उरते. म्हणून या सेवेत ऑडिटचे महत्त्व वॉर्डापेक्षाही अधिक आहे. गाडीत काय घडते हे जाणून घेण्याचा दुसरा नियमित मार्ग सेवेकडे नसतो.

हाताने होणाऱ्या ऑडिटची पद्धत सर्वत्र साधारण सारखीच आहे. महिनाअखेरीस पर्यवेक्षक किंवा वैद्यकीय अधिकारी केस शीटांच्या गठ्ठ्यातून काही निवडतो, वाचतो, छापील तक्त्यावर खुणा करतो आणि गुण देतो. यातली पहिली अडचण साध्या गणिताची आहे. एखादी गंभीर चूक पाचशे फेऱ्यांत एकदा होत असेल आणि शंभरातल्या पाचच शीटा वाचल्या जात असतील, तर ती चूक नजरेस पडण्याची शक्यता वीसात एक. दुसरी अडचण उशिराची: शीट वाचली जाते तेव्हा ती लिहिणाऱ्याला तो रुग्ण आठवतही नसतो. तिसरी अडचण फारशी बोलली जात नाही, पण सर्वांत महाग पडते. अनुभवी डॉक्टरचा तपासणीचा वेळ सही आहे का, वय लिहिले आहे का, वेळेचा रकाना भरला आहे का, हे बघण्यात जातो. उपचाराचा निर्णय योग्य होता का, या खऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचेतो त्याची दुपार संपलेली असते.

वैद्यकीय गुणवत्ता कशी मोजावी याची आजही वापरली जाणारी मांडणी अवेदिस डोनाबेडियन या वैद्याने १९६६ साली केली. साधनसामग्री, प्रक्रिया आणि परिणाम असे तीन स्तर त्याने सांगितले. रुग्णवाहिकेच्या बाबतीत ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असणे, डिफिब्रिलेटरची बॅटरी चालू असणे, गाडी भारतातील एआयएस-१२५ या मानकात बसणारी असणे हा पहिला स्तर. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी निघणे हा दुसरा. तो रुग्ण वाचून घरी जाणे हा तिसरा. सॉफ्टवेअरला पहिला स्तर सोपा जातो, दुसऱ्यात त्याचा खरा उपयोग होतो आणि तिसऱ्यात ते बहुतेक ठिकाणी अडते, कारण परिणामाची माहिती रुग्णालयाकडे असते.

माहिती येते चार-पाच ठिकाणांहून. नियंत्रण कक्षाच्या संगणकात कॉल आल्यापासून गाडी मोकळी होईपर्यंतच्या वेळा पडतात. जीपीएस गाडीची जागा सांगतो. डॉक्टर किंवा तंत्रज्ञ टॅबवर रुग्णाची नोंद भरतो. मॉनिटर-डिफिब्रिलेटर स्वतःची फाइल तयार करतो, तिच्यात हृदयाचा आलेख, ऑक्सिजनची पातळी आणि दिलेला प्रत्येक शॉक असतो. शिवाय कॉलचे ध्वनिमुद्रण. हे सगळे एका केस क्रमांकाखाली जुळवणे हे ऑडिटच्या सॉफ्टवेअरचे पहिले काम आहे आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त घाम तिथेच गळतो. मॉनिटरचे घड्याळ नियंत्रण कक्षाच्या घड्याळापेक्षा चार मिनिटे मागे असेल, तर गाडी पोहोचण्याआधीच रुग्णाला शॉक दिल्याचे दिसते. वेळांच्या व्याख्याही नीट लागतात. गाडी इमारतीखाली थांबणे आणि डॉक्टर चौदाव्या मजल्यावरच्या रुग्णाजवळ पोहोचणे या दोन वेगळ्या वेळा आहेत. मुंबईसारख्या शहरात लिफ्टची वाट बघण्यात आणि जिन्यात गेलेली मिनिटे पहिल्या वेळेत मोजलीच जात नाहीत.

ही जुळवणी एका देशभर करायची तर सगळ्यांनी एकाच पद्धतीने नोंद करावी लागते. अमेरिकेने त्यासाठी नेमसिस नावाची राष्ट्रीय माहितीप्रणाली उभी केली. नोंदीतील प्रत्येक रकान्याला तिथे ठरलेला क्रमांक आणि ठरलेली उत्तरे आहेत. निरनिराळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरणाऱ्या हजारो सेवा त्याच साच्यात माहिती पाठवतात आणि वर्षाला पाच कोटींहून अधिक फेऱ्या तिथे जमा होतात. नोंद पाठवतानाच तिची तर्कशुद्धता तपासली जाते: रुग्णालयात पोहोचण्याची वेळ घटनास्थळ सोडण्याच्या आधीची असेल तर प्रणाली ती चूक दाखवते. या पायावर नेमस्क्वा या संस्थेने गुणवत्तेचे मोजके निकष तयार केले आहेत. पक्षाघाताचा संशय असलेल्या रुग्णाची पक्षाघातासाठीची ठरावीक तपासणी झाली का, दम्याच्या रुग्णाला श्वासनलिका मोकळी करणारे औषध मिळाले का, लहान मुलाचे वजन नोंदले का, जखमीच्या वेदनेची तीव्रता विचारली का, असे ते निकष आहेत. दिवे आणि सायरन न वापरता किती फेऱ्या झाल्या हाही त्यातला एक आहे, कारण सायरन लावून धावणाऱ्या गाडीच्या अपघाताचा धोका वाढतो आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत वाचणाऱ्या मिनिटा-दोन मिनिटांचा काही उपयोग नसतो.

एक निकष प्रत्यक्षात कसा चालतो ते रक्तातील साखर कमी झालेल्या रुग्णाच्या उदाहरणावरून समजते. प्रश्न साधा आहे: साखर घसरून शुद्ध हरपत असलेल्या रुग्णाला साखर वाढवणारे उपचार मिळाले का? संगणकाला हे सांगायचे तर आधी छेद ठरवावा लागतो, म्हणजे कोणते रुग्ण मोजायचे. ग्लुकोमीटरचा आकडा ६० पेक्षा कमी आणि शुद्धीची पातळी सामान्यापेक्षा खाली, अशी अट घातली की ते रुग्ण वेगळे होतात. मग अंश: त्यांपैकी कितींना शिरेतून डेक्स्ट्रोज, ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन किंवा गिळता येत असेल तर तोंडाने ग्लुकोज दिल्याची नोंद आहे. इथवर सरळ आहे. पण साखर फारच कमी असली की ग्लुकोमीटर आकडा न दाखवता फक्त ‘लो’ अशी अक्षरे दाखवतो. तंत्रज्ञ ती टिपणाच्या रकान्यात लिहितो आणि आकड्याचा रकाना मोकळा ठेवतो. अटीत याची सोय केली नसेल तर सर्वांत गंभीर रुग्णच मोजणीतून गळतात आणि सेवेचा टक्का फसवा ठरतो. नेमसिसमध्ये म्हणूनच साखरेच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘लो’ किंवा ‘हाय’ लिहिण्याची तरतूद आहे.

अनुभवी वैद्यकीय अधिकारी तिथेच थांबत नाही. डेक्स्ट्रोजनंतर साखर पुन्हा मोजली का? रुग्ण शुद्धीवर येऊन ‘आता बरं वाटतंय, नाही यायचं’ म्हणाला आणि त्याला घरीच सोडले, तर तो कोणत्या गोळ्या घेतो हे विचारले का? ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे सुधारलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. ही दुसरी आणि तिसरी पायरी नियमात घालता येते. मग रोज सकाळी त्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर आदल्या दिवसाच्या शेकडो फेऱ्यांऐवजी नेमक्या दोन-तीनच केसेस येतात: साखर कमी होती, उपचार झाले, घरी सोडले, पुन्हा मोजल्याची नोंद नाही. त्यातल्या एखाद्या रुग्णाच्या घरी त्याच सकाळी फोन करता येतो. महिन्याभराने झालेल्या उत्तम तपासणीलाही हे साधत नाही. आदल्या दिवसाची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येणे, हा संगणकीय ऑडिटचा सर्वांत मोठा लाभ मानायला हवा.

नियम कडक केले की दुसरी अडचण उभी राहते. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या रुग्णाला ॲस्पिरिन द्यावे हा सर्वमान्य नियम आहे. पण रुग्णाला ॲस्पिरिनची ॲलर्जी असू शकते, पोटात रक्तस्राव होत असू शकतो, किंवा घरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगून गोळी आधीच चघळायला लावलेली असू शकते. अशा वेळी औषध न देणे हाच योग्य उपचार ठरतो. नोंदीत ‘दिले’ आणि ‘दिले नाही’ असे दोनच पर्याय असतील तर संगणक योग्य निर्णयावरही फुली मारतो. म्हणून चांगल्या नोंदप्रणालीत ‘दिले नाही, कारण ॲलर्जी’, ‘दिले नाही, कारण आधीच घेतले’, ‘रुग्णाने नकार दिला’ हे पर्याय त्याच रकान्यात असतात. ही सोय नसलेले सॉफ्टवेअर विकत घेतले की पहिल्या दोन महिन्यांतच कर्मचाऱ्यांचा त्यावरचा विश्वास उडतो आणि एकदा उडालेला विश्वास परत येत नाही.

सर्व फेऱ्या तपासण्याने काय हाती लागते याचे सर्वांत बोलके उदाहरण श्वासनळीत घालायच्या नळीचे आहे. बेशुद्ध रुग्णाच्या श्वासनळीत नळी घालताना ती चुकून अन्ननलिकेत गेली आणि लक्षात आले नाही, तर रुग्ण काही मिनिटांत दगावतो. अमेरिकेत फ्लॉरिडातील ऑर्लँडो इथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णवाहिकेत नळी घालून आणलेल्या १०८ रुग्णांची रुग्णालयाच्या दारातच तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २७ जणांची नळी चुकीच्या जागी होती. म्हणजे चारातल्या एकाची. ही गोष्ट सलगपणे तपासली नाही, तर सेवेला आपले काम ठीक चालल्यासारखेच वाटत राहते. त्यानंतर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख सतत दाखवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे कॅप्नोग्राफीचा, उपयोग तपासण्यात आला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतत कॅप्नोग्राफी लावलेल्या ९३ रुग्णांत लक्षात न आलेली चुकीची नळी एकही नव्हती. ती न लावलेल्या ६० रुग्णांत अशा १४ होत्या.

आज हा निकष संगणकाला सहज तपासता येतो. नोंदीत नळी घातल्याचे लिहिले असेल तर मॉनिटरच्या फाइलमध्ये त्या वेळेनंतर कार्बन डायऑक्साइडचा आलेख आहे का, नळी घातल्यापासून रुग्ण ताब्यात देईपर्यंत तो सलग आहे का, मध्येच सपाट झाला का, हे सॉफ्टवेअर बघते. इथे लिहिलेल्या शब्दावर विसंबावे लागत नाही, कारण आलेख यंत्राने स्वतः नोंदवलेला असतो.

हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या बाबतीतही यंत्राची फाइल माणसाच्या आठवणीपेक्षा भरवशाची असते. छातीवर दाब देण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा, प्रौढांत खोली पाच ते सहा सेंटिमीटर असावी आणि दाबांत शक्य तितका कमी खंड पडावा, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दाब देणाऱ्याला घामाघूम अवस्थेत वाटते की आपण थांबलोच नाही. फाइल उघडली की शॉक देण्याआधी पंचवीस सेकंद, रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना चाळीस सेकंद असे खंड आलेखावर स्पष्ट दिसतात. सॉफ्टवेअर हे खंड मोजून वेगळे काढते आणि त्याच पथकाला त्याच आठवड्यात दाखवता येतात. अमेरिकेतील सिॲटल आणि किंग काउंटीच्या सेवेने हृदय बंद पडलेल्या प्रत्येक रुग्णाची केस तपासण्याची शिस्त अनेक दशके पाळली आहे आणि अशा रुग्णांना वाचवण्यात ती जगात आघाडीवर गणली जाते. अशा केसेस देशादेशांत एकाच पद्धतीने नोंदाव्यात म्हणून १९९० साली नॉर्वेतील उटश्टाइन मठात तज्ज्ञांची बैठक झाली. तिथे आखलेला नोंदीचा साचा ‘उटश्टाइन पद्धत’ म्हणून आजही वापरात आहे.

वेळेच्या आकड्यांबाबत इंग्लंडचा अनुभव प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. जिवावर बेतलेल्या कॉलपैकी ७५ टक्के कॉलना आठ मिनिटांत गाडी पोहोचलीच पाहिजे, असे लक्ष्य तिथल्या सेवांना घालून दिले होते. नंतर अभ्यासकांनी प्रत्यक्ष वेळांचे वितरण मांडले, तेव्हा काही सेवांत सात-आठ मिनिटांच्या दरम्यान आकड्यांचा उंचच उंच सुळका दिसला आणि आठ मिनिटे ओलांडताच आकडे एकदम कोसळले. वाहतूक अशी वागत नाही. काही ठिकाणी वेळा मागाहून ‘दुरुस्त’ केल्या गेल्या होत्या. पुढे वेगळ्या पळवाटाही रूढ झाल्या: घड्याळ थांबवण्यासाठी एकाच कॉलला दोन-दोन वाहने धाडली जात, आणि ज्या रुग्णाला खरोखर गाडी हवी त्याच्यासाठी गाडी उरत नसे. २०१७ साली इंग्लंडने ही रचना बदलली. आता अतितातडीच्या कॉलसाठी सरासरी सात मिनिटे, आणि दहापैकी नऊ कॉल पंधरा मिनिटांच्या आत, अशी दुहेरी अट आहे.

या दुहेरी अटीचे कारण समजून घ्यायला हवे. नुसती सरासरी फसवी असते. शहरातल्या पाच मिनिटांच्या शेकडो फेऱ्यांत दुर्गम पाड्यावरची सत्तर मिनिटांची फेरी मिसळली की ती दिसेनाशी होते. दहातला नववा रुग्ण किती थांबला हा आकडा त्या पाड्यावरच्या माणसाला मोजणीत परत आणतो. सॉफ्टवेअरमुळे हे दोन्ही आकडे तालुकावार, तासावार काढणे सोपे झाले आहे. त्यासोबत नियंत्रण आलेख वापरला जातो. वॉल्टर श्यूहार्ट याने १९२४ साली अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या कामातून तो पुढे आणला. एखाद्या महिन्यातला चढउतार नेहमीचाच आहे की खरोखर काही बिघडले आहे, हे त्यावरून कळते. हा आलेख न बघता दर महिन्याला ‘दोन टक्क्यांनी घसरण का झाली’ म्हणून खुलासे मागवणे म्हणजे निव्वळ छळ आहे.

आठ मिनिटांचा तो सुळका ज्या तर्काने सापडला तोच तर्क आता सॉफ्टवेअरला शिकवलेला असतो. एका पथकाच्या सगळ्या रुग्णांचा रक्तदाब १२०/८० असेल, श्वसनाचा दर कायम १८ किंवा २० असेल, तर आकडे मोजलेले नसून भरलेले आहेत असा संशय घ्यायला जागा आहे. सक्तीचे रकाने वाढवत नेले की असे आकडेही वाढत जातात. रकाना रिकामा ठेवून नोंद बंदच करता येत नसेल, तर थकलेला माणूस त्यात काहीतरी टाकतो. आकडे मॉनिटरमधून थेट नोंदीत उतरण्याची सोय करणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

नोंदीतला एक भाग मात्र रकान्यांत मावत नाही. रुग्ण कसा सापडला, नातेवाइकांनी काय सांगितले, अमुक रुग्णालय का निवडले, हे सगळे टिपणात लिहिलेले असते. जुनी सॉफ्टवेअर त्यात फक्त शब्द शोधत. ‘छातीत दुखत नाही’ या वाक्यातही त्यांना छातीत दुखणे सापडे. नवी भाषिक प्रारूपे नकार, संदर्भ आणि क्रम बऱ्याच प्रमाणात ओळखतात, टिपणाचा गोषवारा काढतात आणि रकान्यातल्या माहितीशी त्याचा मेळ बसतो का ते सांगतात. पण ती प्रारूपे नोंदीत नसलेली गोष्टही आत्मविश्वासाने लिहून मोकळी होतात. म्हणून त्यांच्या प्रत्येक शेऱ्यासोबत मूळ नोंदीतले वाक्य दाखवणे बंधनकारक असावे. भारतातल्या टिपणांची भाषा हा आणखी वेगळा विषय आहे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच ओळीत, त्यातही प्रत्येक डॉक्टरची स्वतःची संक्षेपाक्षरे, अशा मजकुरावर परदेशात तयार झालेले प्रारूप किती चुकते हे इथल्याच नोंदींवर आधी मोजून बघावे लागेल.

ध्वनिमुद्रणाबाबत कोपनहेगनच्या आपत्कालीन सेवेने केलेले काम मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. तिथे १,०८,६०७ कॉलांचे ध्वनिमुद्रण एका यंत्रशिक्षित प्रणालीला ऐकवण्यात आले. त्यांत हृदय बंद पडल्याचे ९१८ कॉल होते. कॉल घेणाऱ्यांनी त्यांतले ७२.५ टक्के ओळखले होते, प्रणालीने ८४.१ टक्के ओळखले आणि तेही काही सेकंद आधी. अर्थात तिचे खोटे इशारेही जास्त होते. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा गाजावाजा झाला. मग त्याच सेवेने प्रत्यक्ष कामाच्या वेळी कॉल घेणाऱ्याच्या पडद्यावर हा इशारा दाखवून काटेकोर चाचणी घेतली. २०२१ साली तिचा निष्कर्ष आला: इशारा दाखवलेल्या गटात ९३.१ टक्के, न दाखवलेल्या गटात ९०.५ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ग्राह्य नव्हता. यंत्र चांगले ओळखते म्हणून सेवा आपोआप सुधारते असे नाही, हे इतक्या प्रामाणिकपणे मोजून जाहीर करणाऱ्या त्या सेवेचे कौतुक करावे तितके थोडे. चुकलेले कॉल नंतर शोधून प्रशिक्षणासाठी वापरण्यात अशा प्रणालीचा उपयोग अधिक खात्रीचा दिसतो.

सॉफ्टवेअरने केस वेगळी काढल्यानंतर काय होते यावर सगळे अवलंबून आहे. रीत अशी असावी: यंत्र फक्त प्रश्न उपस्थित करते, निवाडा माणूस करतो. आधी त्या पथकाला विचारले जाते, कारण अनेकदा काळजी चोख घेतलेली असते आणि नोंद अपुरी असते. मग वैद्यकीय अधिकारी ठरवतो की चूक ज्ञानाची होती, साधनाची होती की परिस्थितीची. दहा गाड्यांवर कॅप्नोग्राफीची नोंद सापडत नसेल तर दोष दहा डॉक्टरांचा नसतो, बहुधा त्या गाड्यांवर सेन्सरच संपलेले असतात. निष्कर्षावरून थेट पगार कापला जाऊ लागला की महिन्याभरात सगळ्या नोंदी निर्दोष होतात आणि ऑडिट निरुपयोगी होते. जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीची गोष्ट वेगळी, तिच्यासाठी शिस्तभंगाची स्वतंत्र वाट आहेच. यासोबत, संगणकाने ‘ठीक’ ठरवलेल्या केसेसपैकीही काही दर महिन्याला माणसाने वाचाव्यात. नियमाला न सुचलेल्या चुका तिथेच सापडतात.

भारतात १०८ क्रमांकाची सेवा २००५ साली हैदराबादहून सुरू झाली. गोव्यात ती २००८ साली आली. महाराष्ट्राची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक सुविधांच्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या होत्या, आणि सगळ्यांचे नियंत्रण पुण्यात औंध इथल्या कक्षातून होई. गाडीवर डॉक्टर असणे हे महाराष्ट्राच्या सेवेचे वैशिष्ट्य आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष लोकसंख्येवर आधारलेला आहे: एक लाख लोकांमागे एक मूलभूत आणि पाच लाखांमागे एक प्रगत रुग्णवाहिका. हा निकष साधनसामग्रीचा आहे. गाड्या किती आहेत हे तो सांगतो, गाडीत रुग्णाला काय मिळाले हे सांगत नाही.

ते कळण्यासाठी महागड्या कृत्रिम बुद्धिमत्तेपासून सुरुवात करण्याची गरज नाही. पाच-सहा निकष पुरेत: छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी किती मिनिटांत निघाला, बेशुद्ध रुग्णाची साखर मोजली का, पक्षाघाताच्या रुग्णाची लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहिली का आणि त्याला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात नेले का, प्रसूतीनंतर रक्तस्राव होणाऱ्या बाईला ऑक्सिटोसिन मिळाले का, सर्पदंशाच्या रुग्णाला विषावरचे औषध उपलब्ध असलेल्या केंद्रात थेट नेले का. शेवटचे दोन निकष परदेशी यंत्रणेत तयार मिळणार नाहीत. ते इथल्याच डॉक्टरांनी लिहावे लागतील. दाखल झालेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी रुग्णवाहिकेची नोंद रुग्णालयाच्या नोंदीशी जोडली गेली पाहिजे. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील आभा या आरोग्य ओळख क्रमांकाचा त्यासाठी आधार घेता येईल. मात्र बेशुद्ध आणि अनोळखी रुग्णाचा क्रमांक गाडीत मिळणार नाही हे गृहीत धरून पर्यायी जुळणी ठेवावी लागेल. आणि ही माहिती माणसाच्या सर्वांत असहाय क्षणाची असते. नावे काढून टाकलेल्या नोंदीच तपासणीला देणे, कोणी कोणती केस उघडली याची नोंद ठेवणे, ध्वनिमुद्रणे ठरावीक मुदतीनंतर पुसणे या गोष्टी २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर सेवेच्या मर्जीवर सोडता येणार नाहीत.

रुग्णवाहिका सेवेचे करार अनेक वर्षांसाठी होतात, त्यामुळे करारात जे लिहिले नसेल ते पुढे वर्षानुवर्षे मिळत नाही. माहितीची मालकी शासनाची राहील, ती ठेकेदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकणार नाही, मॉनिटरच्या मूळ फाइली जपल्या जातील, आणि ऑडिट करणारी संस्था गाड्या चालवणाऱ्या संस्थेपेक्षा वेगळी असेल, ही चार कलमे प्रत्येक नव्या करारात असायलाच हवीत. इंग्लंडमध्ये रुग्णवाहिका सेवांचे वैद्यकीय निकष २०११ पासून नियमितपणे जाहीर होतात आणि कोणालाही वाचता येतात. महाराष्ट्रातील नागरिकांनी, पत्रकारांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपल्या जिल्ह्याचे असेच आकडे दर महिन्याला मागावेत.